भिऱ्याचें पाणी आणि घरांतला दिवा

श्रोतेहो, आपल्या घरांतला दिवा कोठून पेटतो, ह्या प्रश्नाचें उत्तर आपण बहुधा बटणापाशीं थांबवितों. फार चौकस मनुष्य असला तर तो मीटरपर्यंत जाईल, आणि महिन्याचें बिल वाजवीपेक्षां जास्त आलें तर रस्त्यावरच्या खांबापर्यंतहि जाईल. परंतु मुंबईच्या घरांतला दिवा ज्या स्थळांमुळें पेटूं लागला त्यांपैकीं एक स्थळ रायगड जिल्ह्यांत, माणगांव तालुक्याच्या उत्तर अंगास, सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं आहे. त्याचें नांव भिरा. जुने दिवे काढून कमी वीज खाणारे नवे दिवे लावावेत, असें आपणांस गेलीं कित्येक वर्षें सांगण्यांत येत आहे, आणि त्या सांगण्याचा हिशेब नेहमीं रुपयांत मांडला जातो. तो रुपयांत न मांडतां पाण्यांत मांडला तर काय दिसतें, हें आज भिऱ्याच्या इतिहासाच्या आधारें पाहावयाचें आहे.

कोंकणांतल्या घराचा जुना उजेड रानांतून आणि परसांतून येत असे. उंडीच्या बिया सुकवून त्यांचें तेल काढीत, करंजाचेंहि काढीत. देवापुढच्या समईंत खोबरेल किंवा तिळाचें तेल, आणि ओटीवर, गोठ्यांत, स्वयंपाकघरांत हें कडवट वासाचें तेल. वात किती पुढें सारावयाची हें घरांतली वडील बाई ठरवी, आणि जेवणें आटोपलीं कीं ती मागें ओढली जाई. उजेडाची काटकसर हा त्या घरांत उपदेशाचा विषय नव्हता. तेलाचें भांडें डोळ्यांदेखत रिकामें होत असे, त्यामुळें ती आपोआप घडे. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खनिज तेल आलें. ‘रॉक ऑइल’चें आपण रॉकेल केलें आणि ‘गॅस लाइट’चें घासलेट केलें. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ सालीं लागले. त्या गॅसचा आणि ह्या तेलाचा वस्तुतः कांहीं संबंध नाहीं. परंतु शहरांतल्या झगझगीत उजेडाचें नांव खेड्यांतल्या काजळी धरणाऱ्या चिमणीच्या तेलाला मिळालें, आणि तेवढ्या नांवावर खेड्यानें पुष्कळ वर्षें समाधान मानलें. त्यानंतर कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यांतून ‘प्रभाकर’ कंदील निघाला आणि तो घरोघर गेला. त्याची कांच रोज तिन्हीसांजेच्या आधीं राखेनें पुसून ठेवणें हें मुलांचें काम असे. ती पुसतांना फुटली तर काय होई, हें आमच्या वडीलधाऱ्या श्रोत्यांस सांगावयास नको.

विजेचा दिवा मुंबईंत प्रथम १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटांत, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईंत, लागला. तो उद्योग करणारी कंपनी लौकरच बुडाली आणि मंडईंत पुनः गॅस आला. विजेचें बस्तान खरें बसलें तें १९०५ सालीं बी. ई. एस्. टी. कंपनी स्थापन झाल्यावर. १९०७ च्या मे महिन्यांत विजेची ट्राम धांवूं लागली, आणि हळूहळू पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यांतून कांचेचे फुगे लोंबूं लागले. त्या फुग्यांत कर्बाचा तंतु असे. त्याचा उजेड मेणबत्त्यांत मोजीत. सोळा मेणबत्त्यांचा उजेड देणारा असा एक दिवा पन्नास ते साठ वॉट वीज खाई. हा आंकडा कृपा करून ध्यानांत ठेवावा, कारण पुढचा सारा हिशेब त्याच्याशीं ताडून पाहावयाचा आहे.

ही वीज तेव्हां कोळसा जाळून होत असे, आणि कोळसा दुरून आणावा लागे. गिरण्यांच्या धुराड्यांनीं तर मुंबईचें आभाळ काळें करून टाकलें होतें. घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणांत जो पाऊस कोसळतो तो अडवून कोंकणांत पाडला तर त्या उताराच्या जोरावर वीज होईल, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग ह्या मुंबईच्या वास्तुशास्त्रज्ञाची. ती जमशेटजी टाटांनीं उचलली; पण जमशेटजी १९०४ सालीं वारले आणि काम त्यांच्या मुलांच्या हातून झालें. १९१० सालीं कंपनी निघाली, १९१५ सालीं खोपोलीचें वीजगृह सुरू झालें, १९२२ सालीं भिवपुरीचें, आणि १९२७ सालीं भिऱ्याचें. मुंबईची वीज कंपनी पुढें स्वतः वीज निर्माण करणें सोडून टाटांकडूनच घाऊक वीज घेऊं लागली. म्हणजे गिरणगांवांतला माग, गिरगांवांतल्या चाळींतला दिवा आणि मलबार टेकडीवरचें झुंबर हीं सगळीं शेवटीं एकाच उतारावर चालूं लागलीं.

भिऱ्याच्या वीजगृहाचें पाणी घाटावर मुळशीस अडविलेलें आहे, आणि तें अडवितांना जें घडलें तें महाराष्ट्राच्या इतिहासांत नमूद आहे. मुळा नदीचें खोरें म्हणजे मावळांतली उत्तम भातजमीन. धरणामुळें सुमारें पन्नास गांवें बाधित होणार होतीं. १९२१ सालच्या रामनवमीस, म्हणजे १६ एप्रिल रोजीं, मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट ह्यांस ‘सेनापति’ ही पदवी लोकांनीं दिली ती ह्याच लढ्यांत. विनायकराव भुस्कुटे त्यांचे सहकारी. स्त्रियाहि बांधकामावर जाऊन बसल्या आणि तुरुंगांत गेल्या. परंतु ह्या लढ्यांत एक भेग प्रारंभापासून होती, ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या, आणि सावकारांस जमिनीपेक्षां नुकसानभरपाईचा पैसा गोड होता. कसणारा एकीकडे आणि कागदावरचा मालक दुसरीकडे, असें झालें. १९२४ सालीं लढा संपला. धरण झालें, शेतें बुडालीं, आणि तीन वर्षांनीं भिऱ्याचीं चक्रें फिरूं लागलीं. त्याच १९२७ सालीं, मार्च महिन्यांत, माणगांवला लागून असलेल्या महाडास डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. एका तालुक्यांत पाण्यापासून वीज निघाली, आणि शेजारच्या तालुक्यांत तेंच पाणी माणसाला माणूस म्हणून पितां यावें ह्यासाठीं सत्याग्रह करावा लागला! ह्या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध नाहीं हें मी जाणतों. पण तारखा शेजारीं मांडल्यावर त्या एकमेकींकडे पाहिल्याशिवाय राहत नाहींत.

आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. भिऱ्याहून निघालेल्या तारा लाखभर व्होल्टच्या दाबानें मुंबईकडे गेल्या त्या माणगांव-रोह्याच्या शेतांवरून गेल्या. त्या तारांखालच्या घरांत मात्र चिमणीच जळत राहिली. खेड्यापाड्यांतून वीज नेण्याचें काम जोरानें सुरू झालें तें १९६० सालीं महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यावर. त्यापूर्वीं एक पिढी तारांच्या सांवलींत, कंदिलाच्या उजेडांत वाढली. मुळशीच्या काठावर जीं माणसें उरलीं त्यांची कथा ह्याहून वेगळी नाहीं. ज्यांच्या शेतांवर दिवा पेटला त्यांना तो सर्वांत शेवटीं दिसला.

आतां ह्या उताराचा हिशेब पाहूं. मुळशीचें पाणी बोगद्यांतून घाटाच्या कड्यापर्यंत आणि तेथून पोलादी नळांतून भिऱ्यास उतरतें. हा उतार सुमारें पांचशे मीटर आहे. खालीं पाण्याचा झोत पेल्टन जातीच्या चक्रांवर आदळतो, चक्र फिरतें, आणि त्यास जोडलेलें जनित्र वीज देतें. एक घनमीटर पाणी, म्हणजे हजार लिटर, पांचशे मीटर खालीं आलें कीं गणितानें त्यांत सुमारें १.३६ युनिट शक्ति असते. नळांतलें घर्षण व यंत्रांतली तूट वजा जातां हातीं एक युनिटापेक्षां थोडी जास्त वीज पडते. उलट सांगावयाचें तर मीटरवरच्या एका युनिटासाठीं घाटावरून साडेआठशे ते नऊशे लिटर पाणी खालीं सोडावें लागतें. कोंकणांतला पितळेचा हंडा पंधरा लिटरांचा धरिला तर एक युनिट म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न हंडे. तारांवाटे जी वीज वाटेंतच जिरते ती मी येथें धरीत नाहीं.

ह्या मापानें आपल्या घरांतले दिवे मोजले तर त्यांचा इतिहास फार निराळा दिसूं लागतो. कर्बाच्या तंतूचा साठ वॉटचा दिवा संध्याकाळचे पांच तास जळला कीं सतरा हंडे पाणी खर्चीं पडे, आणि उजेड मिळे तो सोळा मेणबत्त्यांचा. १९०४ सालीं मध्य युरोपांत टंगस्टन धातूचा तंतु निघाला. १९१० सालीं अमेरिकेंत कूलिज ह्यानें तो लवचीक करून दाखविला. १९१३ सालीं लँगम्यूर ह्यानें फुग्यांत निष्क्रिय वायु भरला. तेवढ्याच सतरा हंड्यांत आतां पन्नासांहून अधिक मेणबत्त्यांचा उजेड मिळूं लागला. कमी वीज खाणारा दिवा लावण्याची चळवळ आपल्या काळांत निघाली अशी आपली समजूत असते. पण कर्ब टाकून धातूचा तंतु घेणें ही त्या चळवळीची पहिली फेरी होती, आणि ती भिऱ्याचें वीजगृह सुरू होण्यापूर्वींच होऊन गेलेली होती.

त्या फेरींत वांचलेल्या विजेचें काय झालें? वीज वांचली नाहीं, उजेड वाढला. जेथें दिवाणखान्यांत एक दिवा होता तेथें जिन्यांतहि एक आला, माजघरांत आला, न्हाणीघरांत आला. इंग्लंडांत जेव्हन्स नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें कोळशावर ग्रंथ लिहून हेंच भाकीत केलें होतें कीं, यंत्र जितकें काटकसरी होईल तितका कोळसा अधिकच जळेल, कारण स्वस्त झालेली शक्ति मनुष्य अधिक कामांस लावील. त्या ग्रंथाचें साल १८६५. मुंबईंत गॅसचे दिवे लागले तेंच साल. योगायोग आहे, पण सोयीचा आहे.

स्वातंत्र्यानंतर नळीचा दिवा, म्हणजे आपला ट्यूबलाइट, मध्यमवर्गाच्या घरांत आला. तो चाळीस वॉट खाई आणि त्याचा चोक आणखी दहा-पंधरा वॉट खाई. तरीहि उजेडाच्या मानानें तो जुन्या बल्बाच्या तिपटी-चौपटीनें काटकसरी होता. त्याच्याबरोबर एक छोटा पाहुणा घरांत आला आणि कायमचा राहिला: ‘झिरोचा बल्ब’. निजावयाच्या खोलींत, देवघरांत, जिन्यांत हा लाल-हिरवा दिवा रात्रभर जळत असे, आणि त्याचें नांवच शून्य असल्यामुळें तो कांहीं खात नाहीं असा सर्वांचा समज असे. वास्तविक हा दिवा बारा ते पंधरा वॉट खातो. रात्रीचे नऊ तास धरिले तर पंधरा वॉटच्या हिशेबानें वर्षाचीं एकोणपन्नास युनिटें होतात. हंड्यांत सांगावयाचें तर आपण गाढ झोपेंत असतां रोज रात्रीं सात-आठ हंडे पाणी त्या शून्यानें घाटावरून खालीं ओढलें. मला विचाराल तर मराठी घरांतल्या विजेच्या इतिहासांत ह्या शून्याइतकी महाग चीज दुसरी नाहीं.

माणगांवच्या बाजूस मात्र काटकसरी दिव्याकडे पाहण्याची दृष्टि वेगळी होती, आणि शहरांतल्या श्रोत्यांनीं ती समजून घेतली पाहिजे. लांबच्या वाडीवर वीज पोंचते ती दमून पोंचते. दोनशें तीस व्होल्टांच्या ऐवजीं एकशें सत्तर आले तर तंतूच्या दिव्याचा उजेड एक चतुर्थांशानें कमी होत नाहीं. तो एक तृतीयांशावर येतो. दिवा पेटलेला असे, पण नुसता तांबडा निखारा दिसे, आणि पोराला पुस्तकांतलें अक्षर दिसत नसे. ट्यूबलाइट तर तेवढ्या दाबावर नुसता लुकलुके. म्हणून गांवच्या माणसाला नवा दिवा हवा होता तो बिलासाठीं नव्हे, उजेडासाठीं. त्यांत २००५ नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रावर भारनियमन आलें. ग्रामीण भागांत रोज तासन् तास वीज जाई, आणि ज्या घरीं बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर घेण्याची ऐपत होती तेथें साठ वॉटचा दिवा लावणें म्हणजे बॅटरी उपाशीं मारणें होतें.

त्या काळांत जो दिवा पुढें आला तो सी. एफ्. एल्., पिळलेल्या नळीचा. बारा-चौदा वॉटांत तो साठ वॉटच्या बल्बाइतका उजेड देई. पण त्याची किंमत शंभर-दीडशें रुपये, आणि साधा बल्ब दहा-पंधरांत. गरीब मनुष्य वर्षाचें बिल पाहत नाहीं, तो आजच्या खिशाकडे पाहतो, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकत नाहीं. २००९ सालीं केंद्र सरकारनें ‘बचत लॅम्प योजना’ काढली. पंधरा रुपयांत हा दिवा द्यावयाचा आणि उरलेली किंमत कर्बवायूच्या आंतरराष्ट्रीय व्यापारांत मिळणाऱ्या पैशांतून भरून काढावयाची, अशी ती युक्ति होती. पुढें त्या बाजारांतले भाव कोसळले आणि योजनेचें तेल संपलें. शिवाय ह्या नळींत कांहीं मिलिग्रॅम पारा असतो, आणि फुटलेली नळी कोठें टाकावी हें गावोगांवच्या कचराकुंडीला कोणी सांगितलें नव्हतें.

एल्. ई. डी. दिव्याची कथा ह्याहून धडाक्याची आहे. त्यांत तंतु नाहीं, वायु नाहीं, पारा नाहीं. अर्धवाहक पदार्थाच्या कणांतून वीज गेली कीं तो स्वतःच प्रकाश देतो. तांबडा प्रकाश देणारा असा कण १९६२ पासून होता. पण पांढऱ्या उजेडासाठीं निळा लागे, आणि तो निघण्यास १९९० नंतरचें दशक उजाडावें लागलें. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा ह्या तिघा शास्त्रज्ञांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. नेमक्या त्याच सुमारास भारत सरकारच्या ई. ई. एस्. एल्. कंपनीनें हे दिवे घाऊक विकत घेण्यास आरंभ केला. ५ जानेवारी २०१५ रोजीं ‘उजाला’ योजना जाहीर झाली. सरकारची खरेदीची किंमत २०१४ च्या आरंभीं दिव्यामागें तीनशें दहा रुपये होती. खरेदी कोटींच्या संख्येंत होऊं लागली तशी ती दोन-अडीच वर्षांत अडतीस रुपयांवर आली. आपल्याकडे महावितरणच्या कार्यालयापाशीं वीजबिल दाखवून हे दिवे घेण्यास लोकांनीं रांगा लावल्या. २०२५ पर्यंत देशांत छत्तीस कोटींहून अधिक दिवे ह्या योजनेंत वांटले गेले. उजेड फुकट वांटला तर लोकांस त्याची किंमत राहत नाहीं, आणि महाग विकला तर तो पोंचत नाहीं. ह्या दोहोंमधली वाट सरकारी योजनेला सांपडली, ही गोष्ट विरळा आहे म्हणून मुद्दाम नमूद करितों.

नऊ वॉटचा असा दिवा पांच तास जळला तर तीनहि हंडे पाणी लागत नाहीं. सतरांच्या जागीं तीन! एका दिव्यामागें वर्षाचीं त्र्याण्णव युनिटें वांचतात, आणि भिऱ्याच्या मापानें तें ऐंशी हजार लिटर पाणी होतें. उन्हाळ्यांत कोंकणांतल्या तहानलेल्या वाड्यांवर जे दहा हजार लिटरांचे टँकर जातात, तसले आठ टँकर. शिवाय चांगल्या प्रतीचा एल्. ई. डी. दिवा शंभर-सव्वाशें व्होल्टांवरहि आपला उजेड सोडीत नाहीं, म्हणून वाडीवरच्या त्या तांबड्या निखाऱ्याचा प्रश्न त्यानें एका फटक्यांत सोडविला. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें तेव्हां श्रीवर्धन, म्हसळें, माणगांव ह्या तालुक्यांत खांब आडवे झाले आणि कित्येक गांवांत दिवसचे दिवस वीज नव्हती. त्या अंधारांत एक गोष्ट उघडी पडली. कंदील घरांतून केव्हांच गेला होता. रॉकेलहि रेशनवर मिळेनासें झालें होतें. रात्र काढली ती बॅटरीच्या दिव्यांनीं, आणि एकदां भरलेली लहानशी बॅटरी रात्रभर पुरते ती ह्या नव्या कणामुळेंच.

मात्र हंड्यांचा हा हिशेब मापाचा आहे, मालकीचा नव्हे, हें स्पष्ट करणें अवश्य आहे. मुंबईच्या घरांतला दिवा कमी खाऊं लागला म्हणून मुळशीचें पाणी मुळशींतच राहतें असें नाहीं. जलविद्युत स्वस्त पडते आणि हवी तेव्हां मिनिटांत सुरू करतां येते. म्हणून भिऱ्याचें पाणी दर वर्षीं वापरलें जाणारच. दिव्यांनीं वांचविलेल्या विजेमुळें कमी होतो तो कोळसा, जो ट्रॉम्ब्यास किंवा चंद्रपुरास जळला असता. आणि जेव्हन्सचें भाकीतहि खोटें ठरलेलें नाहीं. मुंबईच्या विजेची मोठी ओढ पूर्वीं दिवेलागणीस असे; आतां ती उन्हाळ्याच्या दुपारीं असते, कारण दिव्यांत जें वांचलें त्याच्या कित्येक पट वातानुकूलन यंत्रें पिऊन टाकितात. कांहीं घरांत तर एकाच छतांत बारा-बारा एल्. ई. डी. दिवे खोंचलेले दिसतात, आणि त्यांखालीं बसणाऱ्याला आपण काटकसर करीत आहों असें प्रामाणिकपणें वाटतें. तरी पण दिव्याची ही फेरी पूर्वींच्या फेऱ्यांसारखी नाहीं. कर्बापासून टंगस्टनापर्यंत आलों तेव्हां उजेडाची भूक खरोखरच शिल्लक होती. आतां घरांतल्या माणसाला वाचण्यास, रांधण्यास, वावरण्यास पुरेल एवढा उजेड नऊ वॉटांत मिळतो. त्यापुढचें जें आहे ती भूक नसून हौस आहे.

पाण्याची भूक मात्र संपलेली नाहीं. मुळा ही पूर्ववाहिनी नदी. तिचें पाणी स्वभावानें भीमेला मिळून सोलापूरच्या बाजूस जावयाचें. तें घाटाखालीं वळवून पश्चिम समुद्राकडे नेल्याबद्दल पूर्वेकडच्या अवर्षणग्रस्त भागाची तक्रार जुनी आहे. कृष्णा पाणीतंटा लवादानें टाटांच्या सर्व धरणांनीं मिळून पश्चिमेकडे किती पाणी न्यावें ह्यास मर्यादा घातली: लागोपाठच्या पांच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट, आणि कोणत्याहि एका वर्षांत साडेचोपन्न अब्जांहून अधिक नाहीं. हें पाणी वीज न करतां पूर्वेकडे सोडावें, अशी मागणी अधूनमधून जोर धरते.

परंतु आतां घाटाखालींहि ह्या पाण्यावर हक्क सांगणारे उभे राहिले आहेत. भिऱ्याच्या चक्रांवरून सुटलेलें पाणी कुंडलिकेंत वाया जात नाहीं. रावाळज्याच्या वीजगृहांत तें पुनः एकदां ऐंशी मेगावॉट वीज देऊं शकतें. कांहीं पाणी तर, विजेची मागणी मंदावली म्हणजे, पंपानें उलट घाटावर चढवितात आणि गरजेच्या वेळीं पुनः सोडितात. तशी दीडशें मेगावॉटची सोय १९९० नंतरच्या दशकांत भिऱ्यास झाली. पुढें कोलाडच्या वरच्या अंगास ह्याच पाण्याच्या लोंढ्यावर शहरांतले हौशी तरुण रबरी नावा घालून ओरडत खालीं येतात. वीजगृहानें पाणी सोडलें नाहीं तर त्यांची नाव दगडावर बसेल. त्यांच्याहि खालीं डोलवहालचा बंधारा आहे. तेथून निघालेले कालवे पाणी घेऊन जातात, आणि डावा कालवा माणगांवच्या दिशेनें येतो. पूर्वीं जेथें पावसाळी भात कापल्यावर जमीन पुढच्या ज्येष्ठापर्यंत पडून राही, तेथें कालव्याच्या ओलीवर उन्हाळी भात उभें राहूं लागलें. मुळशींतलीं भातशेतें बुडालीं त्या पाण्यावर घाटाखालीं दुसऱ्यांचीं भातशेतें पिकलीं. हा न्याय झाला असें मी म्हणत नाहीं. कारण ज्यांचें गेलें त्यांना मिळालें नाहीं.

तेव्हां भीमेकाठचा शेतकरी, कुंडलिका-काळेच्या काठचा शेतकरी आणि मुंबईचा घरमालक असे तिघेजण एकाच जलाशयाकडे पाहत आहेत. त्यांत दिव्याचें मागणें आज सर्वांत लहान झालें आहे. सतरा हंड्यांचे तीन हंडे झाले. शेताचें मागणें तसें घटत नाहीं. माणगांवच्या बाजूस पौष-माघांत उन्हाळी भाताची लावणी होते. त्या दिवसांत तेथल्या पारावर चर्चा चालते ती वीज किती वांचली ह्याची नसते. कालव्याला पाणी केव्हां सुटणार, एवढीच असते.